दादा, तू मगरीच्या पोटात गेलास त्याची हकीकत

ती. स्व. दादास,

धाकट्या बहिणीचा जमेल तितका वाकून नमस्कार (लाँड्रीत दिवसभर इस्त्रीच्या टेबलाशी उभं राहून कंबर धरली आहे). तुझी तब्येत कशी आहे? रीत म्हणून विचारत नाही, खरंच विचारतेय. कारण इकडे तू वारलास.

झालं असं, की तुझी भाची टिचकी नव्या बालवाडीत जायला लागली, पण घसरगुंडीवर तिला कोणी घेईना. तिथे राज्य एका गुटगुटीत पोराचं. त्याचा काका म्हणे एका हाताने बस उचलतो (काका शिंपी आहे, सुईत दोरा ओवायलाही बायकोला हाक मारतो). ज्याची गोष्ट मोठी त्याचा नंबर आधी, हा तिथला कायदा. आमची रोज शेवटी उभी राहायची आणि घरी येऊन न जेवता झोपायची. माझा जीव तुटायचा रे. मग एकदा तिने तुला बाहेर काढलं. मामा मगरीशी कुस्ती खेळतो! (पाल दिसली की चष्म्याचं गिऱ्हाईक तसंच सोडून स्टुलावर चढणारा तू.) नंबर लागला. लगेच काकाने दोन मगरी मारल्या. तू तीन. काकाने सात. सातच्या पुढचे आकडे हिला येत नाहीत, म्हणून हिने तुलाच मारलं. मगरीने गिळलं म्हणाली.

झालं! घसरगुंडी हिच्या एकटीची. फाटकाशी बाईंनी माझा हात धरला, फार वाईट झालं म्हणाल्या. मी खरं सांगायला तोंड उघडलं, तर ही कार्टी बाईंच्या मागून माझ्याकडे टक लावून बघत होती. काय करणार? डोळ्यांना रुमाल लावला. असो. वहिनीला नमस्कार. तिला यातलं काही सांगू नकोस.

तुझी,
थकलेली धाकटी

ता. क. शनिवारी येणार होतास ना? कृपा करून येऊ नकोस.

ता. क. दुसरा. थांब, येच. आज टिचकी घसरगुंडीवर बसून खरोखरच रडली, मामा पाहिजे म्हणून. तो गुटगुटीत जवळ आला आणि म्हणाला, रडू नको, माझ्या काकाने मगरीचं पोट फाडून मामाला काढलंय, तुटलेला पायपण शिवलाय. तेव्हा लंगडत ये. फाटकाशी शिंपी भेटेल, त्याचे आभार मान (त्या बिचाऱ्याला काहीच ठाऊक नाही). कोणता पाय, ते दोघं मिळून अजून ठरवताहेत.