जामूत काय काय घालतेस?

ती. आईला सुराबायाहून पारतिनीचा सलाम.

मी मजेत आहे. पित्ताशयातला खडा काढायचं ऑपरेशन आज होतं, ते परवावर गेलं, एवढंच. हे लिहिताना धास्तीनं चारदा उठले. तुझे गुडघे कसे आहेत? जामूच्या काढ्याच्या बाटल्या पाठीवर घेऊन अजून दारोदार फिरतेस का गं?

डॉक्टरांनी विचारलं, "रक्त कमी जावं म्हणून कापण्याआधी एक इंजेक्शन देणार आहे. तू दुसरं काही घेतेस?" मी नाही म्हणाले. नेमकी उशाखालची तुझी जामूची बाटली नर्सला सापडली. डॉक्टर भडकले, "या काढ्यानं रक्त पातळ झालं असेल, तर माझं इंजेक्शन काय करणार? यात काय आहे ते कळल्याशिवाय मी हात लावणार नाही!"

हळद, आलं, चिंच एवढं मी सांगितलं. पुढचं मला कुठे ठाऊक?

मार्नोभाऊजी बस घेऊन गावाकडे निघालेत, त्यांच्याच हाती उत्तर दे. डॉक्टर कोणाला सांगणार नाहीत, मी वचन घेतलंय. पण आई, सगळं लिही. जे टाकताना मला विहिरीवर पिटाळायचीस ना, तेसुद्धा.

तुझी घाबरट लेक,
पारतिनी