स्टँडच्या कॅमेऱ्यात नाना

१३ नोव्हें., गुरुवार
पोलीस कंट्रोल रूमला बदली होऊन पहिलाच आठवडा. भिंतभर स्क्रीन. स्टँड, बाजार, शाळांची गेटं. दुपारी स्टँडच्या कॅमेऱ्यात नाना दिसले. सकाळी म्हणाले होते, दत्ताच्या देवळात जातो. बाकावर बसलेले, शेजारी त्यांच्याच वयाच्या एक बाई, मोसंबी सोलून फोडी देत होत्या. नाना हसायले होते. आई गेल्यापासून वडिलांना असं हसताना बघितलं नव्हतं. कॅमेऱ्यात आवाज येत नाही.
झूम केलं. करायला नको होतं.

१५ शनि.
जेवताना विचारलं, "गुरुवारी देवळात गर्दी होती का?"
"होती की, लय." मान खाली घालून भाकरी मोडत.
खोटं ते बोलले, चोरटं मला वाटलं.

२० गुरु.
परत दोघं बाकावर. बाईंनी नानांची कॉलर नीट केली. मी नजर दुसऱ्या स्क्रीनवर नेली तर शेजारचे हवालदार म्हणाले, "हे बघा, आमची राघू-मैना. दर गुरुवारी येतेत." सगळे हसले. मनानं वाईट नाहीत कुणी. माझे वडील आहेत ते, हे तोंडातून निघालंच नाही.

२१ शुक्र.
पुण्याहून दादाचा फोन. "नाना दुपारचा फोन उचलत न्हाईत. कुठं जातेत?"
"फिरायला." बस, एवढंच.

२२ शनि.
सांगून टाकलं. "नाना, स्टँडवर पोलिसांचा कॅमेरा हाय."
चहाची बशी खाली ठेवत, "तू बघतीस?"
"हो."
"आनिक कोन?"
"आमच्या खोलीतले सगळेच."
चहा तसाच ठेवून आत गेले. मला म्हणायचं होतं की त्या बाई मला आवडल्या, आणि तुम्ही असं हसताना...

२७ गुरु.
नाना घरीच. बाकावर त्या एकट्या आल्या. पिशवी मांडीवर घेऊन बसल्या. बऱ्याच गाड्या आल्या-गेल्या, मग उठल्या. घरी येऊन नानांना सांगितलं, "त्या आल्या होत्या."
"तुला कोन इचारलं?"
बरोबर आहे. कुणीच नाही.

३ डिसें., बुध.
आठवडाभर आमच्यात कामापुरतंच बोलणं. आज मात्र नानांनी आपणहून माझ्या ताटात लोणचं वाढलं.

४ डिसें., गुरु.
सकाळी नाना इस्त्रीचा शर्ट घालून दारात. चप्पल घालताना, माझ्याकडं न बघता, "देवगाव फाट्यावर कॅमेरा हाय का गं?"
मला खरंच माहीत नव्हतं. "विचारून सांगू?"
"नको. कुनालाच इचारू नको."
पाण्याची बाटली भरून दिली. घेतली. गल्लीच्या तोंडाशी वळून एकदा हात केला.
दादाला अजून काही बोलले नाही. त्या बाईंचं नावही विचारायचं राहिलंय.