वरच्या खोलीचं माप

अहो,

घरपट्टीचा वेरा नव्याने ठरवायला आज पालिकेचा माणूस आला होता. वरची खोली मोजून खाली आला नि म्हणाला, "बेन, वर भाडूत ठेवलाय. वेरा डबल."

मी म्हटलं, "डोळे फुटले का? वर कुणी राहत नाही." डबल भरायचा तर घर विकून सुभानपुऱ्यात लेकाच्या दारात पडावं लागलं असतं.

"मग त्या काकांनी टेपचं टोक कसं धरलं?"

मी तुमचा हार घातलेला फोटो दाखवला. कागदावरचं 'भाडूत' खोडून तो पळालाच, टेप वरच टाकून.

माझ्यासाठी कधी चादरीचं टोक धरलं नाहीत!

आत्ता वर जाऊन आले. टेपचं टोक अजून हवेतच आहे. घर वाचलंय. सोडा आता ते.

तुमची,
नलिनी