चुलीमागची तिसरी वीट

ता. ८ जून

ती. ताईस,
सा. न. वि. वि. फोनवर तू मला वाक्य पुरं करू देत नाहीस, म्हणून लिहितोय. तुझी लेक टिटवी माझं घर सोडून हॉस्टेलवर का गेली, ते तिने सांगितलं नसेल तर माझ्याकडून कळावं.

आमचा रविवार दुपारचा खेळ तुला ठाऊक आहे. घड्याळांचं दुकान बंद असतं, मागच्या खोलीतलं दुरुस्तीचं टेबल रिकामं करून आम्ही चौघं बसतो. गोष्ट मी सांगतो. बाकीचे एकेक पात्र घेऊन तीत शिरतात आणि अडलं की फासे टाकतात. शेजारचा चष्मेवाला शिपाई होतो, तुझी भावजय वैद्यीण आणि आपली टिटवी कुठल्याशा परमुलखातली कुलूपवाली. नियम एकच, जे आपल्या पात्राला माहीत नाही ते आपल्याला माहीत असलं तरी वापरायचं नाही.

टिटवीने तो मोडला. टेकडीवरच्या ओसाड घराची गोष्ट, सगळी माझ्या डोक्यातून निघालेली, आणि ही बाई सापळ्याची पायरी बरोब्बर ओलांडून जाते! एकदा नाही, दोनदा. मला वाटलं, माझी वही चोरून वाचते. म्हणून वहीत मुद्दाम खोटं लिहिलं, की त्या घरातल्या बंद दाराची किल्ली विहिरीत आहे, आणि वही उघडी टाकून चहाला गेलो. खरी किल्ली चुलीमागच्या तिसऱ्या विटेआड होती. रविवारी बाकीचे अंगण धुंडाळत होते, तर तिची कुलूपवाली तडक स्वयंपाकघरात गेली आणि तिसरी वीट उपसली.

माझं डोकं फिरलं. सगळ्यांसमोर वही आपटली आणि म्हणालो की चोरी पचवायलाही अक्कल लागते. तिने फासे डबीत भरले, झाकण लावलं आणि उठली. मंगळवारी सामान नेलं.

तेव्हापासून घास गोड लागत नाही. पण चूक तिचीच ना? रागावलीस तरी माया पातळ करू नकोस.

तुझा भाऊ


ता. १३ जून

चि. घुम्यास,
अ. आ. पत्र पोचलं. दोनदा वाचलं, कारण पहिल्या वेळी विश्वास बसेना.

अकलेचा विषय तूच काढलास म्हणून विचारते. वहीत विहीर लिहिलीस आणि पोरगी विटेपाशी गेली. मग तिने वही वाचली नाही, हे शेंबडं पोरही सांगेल. दिवसभर डोळ्याला भिंग लावून लोकांच्या घड्याळातला बिघाड शोधतोस, आणि एवढं दिसलं नाही?

आणि काय रे, तिसरी वीट कुणाची? आपल्या स्वयंपाकघरात चुलीमागे हलायची ती. तिच्याआड मी पेन्सिलींचे तुकडे लपवायचे. तुला गोवर आला तेव्हा नऊ दिवस उशाशी बसून टेकडीवरचं घर मी रचलं. तीच गोष्ट ऐकत टिटवी लहानाची मोठी झाली. तुझ्या डोक्यातून निघाली म्हणे!

गोष्टीचं मला काही नाही. वापर, खुशाल वापर. पण पोरीला चार माणसांत चोर ठरवलंस. बाजूला घेऊन एकदा विचारायला काय तोंड शिवलं होतं? आता मला लिहू नकोस, तिला लिही. आशीर्वाद आहेत, पण या खेपेला जरा नाखुशीनेच.

ताई


ता. २२ जून

चि. टिटवीस,
अनेक आशीर्वाद. गोष्ट ताईची हे विसरलो होतो, असं लिहिलेला एक कागद आत्ताच फाडला. विसरलो नव्हतो. पहिल्या रविवारी चष्मेवाला म्हणाला की असलं सुचायला डोकं लागतं, आणि मी गालातल्या गालात हसून गप्प बसलो. पुढे दर रविवारी गप्प बसणं सोपं होत गेलं.

तू पायरी ओलांडलीस तेव्हा मला राग आला नव्हता, भीती वाटली होती. चोराच्या मनात चांदणं. आणि तू विहिरीकडे फिरकली नाहीस तेव्हाच मला कळलं होतं, की वही तू वाचलेली नाहीस. तरी ओरडलो. आधी ओरडलो म्हणजे आपल्याकडे कुणी बघणार नाही, असं वाटलं असावं. हे लिहितानासुद्धा कान तापलेत.

काल फासे न काढताच दोघांना सगळं सांगितलं. चष्मेवाल्याने चष्मा काढला आणि बराच वेळ पुसत राहिला. तुझी मामी म्हणाली की हे पोरीसमोर सांगायचं होतं. खरंय. तू ये असं म्हणायला मला तोंड नाही. आलीस तर तुझ्यासमोर पुन्हा सांगेन. जमेल तेवढं माफ कर.

तुझा मामा


ता. २७ जून

ती. मामास,
सा. न. वि. वि. गोष्ट मी पहिल्याच रविवारी ओळखली. माझ्या कुलूपवालीला ती वीट माहीत असायचं काही कारण नव्हतं, म्हणजे नियम मी मोडलाच. तेवढी चूक माझ्या नावावर.

पण मुद्दाम मोडला. वाटलं, पायरी ओलांडली की मामा हसेल आणि सगळ्यांना सांगेल की ही हिच्या आईची गोष्ट. नाही सांगितलंस. म्हटलं, वीट उपसली की तरी सांगेल. तू वही आपटलीस. खरं काय ते तेव्हा माझ्या अगदी ओठांवर होतं. पण मामीसमोर तुझं तोंड एवढंसं झालेलं मला बघवलं नसतं, म्हणून फासे भरले. हॉस्टेलवर येऊन मात्र खूप रडले.

आई सांगते की गोवर उतरला तसा तू शेवट न ऐकताच हुंदडायला पळालास. म्हणजे माझी कुलूपवाली किल्ली घेऊन दाराशी उभी आहे, आणि आत काय आहे ते तुला माहीतच नाही. हो ना?

पुढच्या रविवारी येते. आई पण येतेय. तुझी खुर्ची तिला दे आणि तू माझ्या शेजारी पात्र घेऊन बस. नियम तुला पाठ आहे. तुझ्या पात्राला पुढचं काही माहीत नाही, आणि या खेपेला तुलाही नाही.

राग गेलाय, लोभ कुठे गेला नव्हता.

टिटवी