वाकड्या वाटेचा निवारा कुणाचा

मी गोजरबाई बिरदेव कोळेकर, राहणार लासुर्णे, तालुका इंदापूर. वय सत्तरीच्या वर. डोकं ठिकाणावर हाय, कुणी दमदाटी केल्याली न्हाय. चौथी शिकले, माझ्या हातानं लिवते. मालकाचं नाव वकिलानं लिवायला लावलं म्हणून वर एकदा लिवलं. सही सोडली तर परत लिवणार न्हाय.

१. राहतं घर पोरगा मल्हारचं. सून स्वप्नाली माझ्या चहात साखर घालताना हात आखडती. तरी पितळंची घागर तिलाच. चेपल्याली हाय.

२. शेळ्या ल्येक वृषालीला. मी गेल्यावर बँड-बिंड लावायचा न्हाय.

३. मालकाची थापी आन ओळंबा पुतण्या नागेशला. त्यो गवंडीच हाय. पर इराणच्या गप्पा सोबत देत न्हाय.

४. आता निवारा. बाजारतळाच्या कडंला आमच्याच जागेत उभा हाय.

मालक गवंडी. कंपनीच्या कामाला इराणात इस्फहानला गेले, तिकडं दंगली उठल्या तवा परतले. माझ्यासाठी काय आणलं न्हाय. डोक्यात ते गाव तेवढं आणलं. ओट्यावर दोस्ताला सांगत हुते, "हयात लई देखणी हुती. थंडगार." मी चुलीपाशी ऐकलं. महिनाभर त्यांच्याशी बोलले न्हाय. मग कळलं, तिकडं आंगणाला हयात म्हणत्यात. जगण्यालाबी बोलताना त्योच शब्द, आपल्यावानी. बाई असती तर झिंज्या धरल्या असत्या. आंगणाच्या काय धरू?

मग बाजारकऱ्यांसाठी ह्यो निवारा बांधला. वाट वाकडी, अंधारी, वर घुमटाला एक भोक. पुढं एकदम मोकळं आंगण, मधी हौद. मी म्हणलं, "सरळ दार ठिवा की. भाजीची पाटी अडकंल."

"गोजरे, तिकडचा म्हातारा मिस्तरी म्हणायचा, असणं म्हंजी उजेड. दगडात थोडा, झाडात जादा, माणसात त्याहून जादा. आन माणूस चालता चालता बदलत जातो. म्हणून बाजारातनं चौकात जाताना त्याला अंधारातनं न्यायचं. तिकडं पुलावरबी बसायला कोनाडं ठिवत्यात. पूल काय नुसता पल्याड जायला नसतो."

"आन माझ्यात किती उजेड हाय?"

हसले. हौदाच्या फरश्या घासत बसले. त्या उत्तराची वाट मी त्यांच्या तेराव्यापर्यंत बघितली.

मल्हार म्हणतो, "आये, पाडू त्यो. दुकानाचं गाळं काढू. तू तर जल्मभर त्याला शिव्याच घातल्यास."

व्हय, घातल्या. बांधून झाल्यावर आत पाऊल टाकलं न्हाय. पर मागल्या बाजारी भाजीवाली फुलाबाई बोलली, "बाई, उन्हातनं पाटी घिऊन आत शिरते. भोकातला उजेड अंगावर पडला की वाटतं, आपुनबी कुणीतरी हाय."

हे मला सांगायचं हुतं त्यांनी. फुलाबाईला फुकटात मिळालं.

माझ्या वाटणीचं सारं त्या भिंतींनी खाल्लं. आता त्या पाडून मल्हारनं गाळं काढावं आन माझं कायच उरू नये, हे जमणार न्हाय. निवारा पाडायचा न्हाय, आंगणावर पत्रा टाकायचा न्हाय. ताबा नागेशकडं, बाजारकऱ्यांना कायम मोकळा.

दारावर मालकांनी 'इस्फहान' कोरलंय. ते नागेशनं छिन्नीनं काढावं. तितं कोरावं, 'गोजरबाई हाय.'

होती न्हाय. हाय.

वाचून, समजून सही केली.
गोजरबाई बिरदेव कोळेकर

समक्ष:
मोहनराव शिंगाडे (सही)
फुलाबाई रासकर (डावा अंगठा)

लासुर्णे, ११ मे १९९६