महाराष्ट्र राज्याच्या हद्दीत

२ नोव्हेंबर
आजपासून रोजनिशी. कारण आजपासून मी वेगळा माणूस आहे आणि वेगळ्या माणसाची नोंद असलेली बरी.
प्रभावती तीन महिन्यांनी परतूरहून घरी आली. सोबत सासरे, काकासाहेब. अट एकच, दारू बंद. पुन्हा घेतली तर ती माहेरी जाणार, ती कायमची. मी म्हटलं, तोंडी कशाला, लेखी घ्या. सव्वीस वर्षं अंबडच्या कोर्टासमोर लोकांचे दस्त लिहितोय. पाचशेच्या स्टॅम्पवर हमीपत्र केलं, टाईप स्वतः. लिहून देणार मी, भालचंद्र. लिहून घेणार सौ. प्रभावती. सही झोकात केली आणि पेन तिच्यापुढे धरलं. तिने आधी सगळं वाचलं, पुन्हा पहिल्यापासून वाचलं, मग घडी घालून कपाटात साड्यांखाली ठेवलं.
माझा दारू पिण्याचा सरकारी परवाना, आजीवन, तोही काकासाहेबांच्या स्वाधीन केला. त्यांनी तो दोन बोटांत धरून पिशवीत टाकला. भारावले असणार.

३ नोव्हेंबर
एक गोष्ट फक्त इथेच लिहितो. मसुद्यात 'महाराष्ट्र राज्याच्या हद्दीत कोणत्याही प्रकारचे मद्य सेवन करणार नाही' असं आलंय. हद्द लिहावीच लागते. शेत असो, प्लॉट असो, चतुःसीमेशिवाय दस्त पुरा होत नाही. सवयीने आलं. वाईट हेतू काही नाही.
दुपारी सहज नकाशा पाहिला. जालना जिल्ह्याला चारही बाजूंनी महाराष्ट्रच लागून आहे.

११ नोव्हेंबर
नऊ दिवस झाले. तब्येत उत्तम. हात जरासे थरथरतात, पण ती थंडी. एका खरेदीखतात पूर्व आणि पश्चिम उलट पडली. पक्षकार नीट सांगत नाहीत.
मुलीला, आकांक्षाला, पुण्याला फोन केला. उचलला नाही. आयटीत काम फार. तिच्या साखरपुड्याचं अजून मनात धरून बसली आहे की काय कोण जाणे. तो मोडला पाहुण्यांच्या आडमुठेपणामुळे. मी फक्त चार शब्द बोललो होतो, माईकवर. आणि पडलो ते खुर्ची प्लास्टिकची होती म्हणून.

१९ नोव्हेंबर
तीर्थपुरीचा एक पक्षकार आला होता. बियाणांचा डीलर. कंपनीने विक्री चांगली झाली म्हणून सगळ्या डीलरांना मुंबईहून बोटीने फिरवून आणलं. व्हिडिओ दाखवले. स्विमिंग पूल, नाचगाणी, आणि बार. ड्रिंक पॅकेज म्हणून प्रकार असतो. मनगटाला पट्टा बांधतात. पट्टा दाखवायचा, ग्लास घ्यायचा. दिवसभर.
मी विचारलं, बोट जाते कुठे? तो म्हणाला, "कुठं न्हाई. समुद्रात जाती अन् वापस येती."
समुद्रात. म्हणजे कोणत्या राज्यात?
त्याच्या दस्तात दोन चुका झाल्या, पण आजचा दिवस सोन्याचा.

२१ नोव्हेंबर
जालन्याला राधेश्यामच्या ट्रॅव्हल्सच्या ऑफिसात दोन तास. कायदा स्पष्ट आहे. बोट बंदरात असेल तर तिथल्या राज्याचा कायदा लागू, वयाची अट, परवाना, सगळं. किनाऱ्यापासून बारा सागरी मैल ओलांडले की राज्य मागे पडलं. तिथे मी हमीपत्रातून मोकळा आणि तरीही शब्दाला जागलेला. असा तोडगा निघायला दस्तलेखकच लागतो.
अडचण एकच. एका केबिनमधल्या दोघांनाही पॅकेज घ्यावंच लागतं, एकाच्या पट्ट्यावर दोघांनी पिऊ नये म्हणून. म्हणजे प्रभावतीलाही पट्टा. तिला ज्यूसचं पॅकेज आहे असं सांगणार. ज्यूस त्यात येतोच, त्यामुळे हे खोटं नाही.
तारीख १४ ते १६ जानेवारी. राधेश्याम म्हणाला, या तारखांना बोट रिकामी जाऊन राह्यली, तुम्ही दुसरी बघा. मी म्हटलं, गर्दी नको तेच बरं. माणसाचं नशीब फिरलं की सगळीकडून फिरतं.

२२ नोव्हेंबर
प्रभावतीला सांगितलं. लग्नाला सत्तावीस वर्षं झाली, तुला समुद्र दाखवतो. ती भाकरी थापत होती, तशीच थांबली. तव्यावरची करपली. मग विचारलं, पाणी फोटोत दिसतं तसं खरंच निळं असतं का? मी म्हटलं, बारा मैलांपुढे असतं.

५ डिसेंबर
परतूर. बोटीवर परवाना मागतात असं ऐकलं, जवळ असलेला बरा. काकासाहेबांना म्हटलं, ओळखीचा पुरावा म्हणून हवा आहे. त्यांनी लगेच आणून दिला. "घेऊन जा. आमच्या देवघरात त्याचं काय काम."
एक प्रश्न नाही, एक टोमणा नाही. पूर्ण विश्वास बसलेला दिसतो.

१४ डिसेंबर
बेचाळीस दिवस. एक थेंब नाही.
पण गंभीर मुद्दा लक्षात आला. शरीराची सवय गेली. बोटीवर दुसऱ्याच ग्लासाला आडवा झालो तर प्रभावतीची काय शोभा राहील? थोडा सराव आवश्यक. हमीपत्रात 'सेवन' असा शब्द आहे. सराव वेगळा.
खोबरेल तेलाची रिकामी बाटली होती, निळी. धुऊन त्यात भरलं. न्हाणीत वरच्या फळीवर, तिच्या बाटलीशेजारी. कुणाला शंका येणार?

२८ डिसेंबर
कडाक्याची थंडी. सराव नियमित.
प्रभावती सकाळी तिची तेलाची बाटली घेऊन गच्चीच्या कठड्यावर उन्हात ठेवते. आज म्हणाली, तुमचीबी ठेवू का उन्हात? मी म्हटलं, राहू दे. ती बरं म्हणाली आणि गेली. माझी इतकी काळजी घेणारी बायको तालुक्यात नाही. फार भरून आलं. सराव थोडा जास्त झाला.

६ जानेवारी
आकांक्षाने रेल्वेची तिकिटं काढून दिली. म्हणजे राग गेला. मी तिला मेसेज टाकला, तुझा बाप बदललाय. तिने अंगठा पाठवला.

१४ जानेवारी, दुपार
मुंबई, बंदर. आज संक्रांत. घरचं हळदीकुंकू सोडून प्रभावती आली, डब्यात तिळगूळ घेऊन. समुद्र पाहिला. काळपट होता. तरी ती पाहतच राहिली.
बॅगा मशीनमधून गेल्या. माझ्या बॅगेतली तेलाची बाटली त्यांनी काढली, उघडली, हुंगली आणि बाजूला ठेवली. नियम म्हणाले. प्रभावती शेजारीच होती. मी म्हटलं, हल्ली तेलही नेऊ देत नाहीत. ती म्हणाली, बराबर आहे त्यांचं.
संकट टळलं. मनगटाला पट्टे बांधले. तिचा हिरव्या बांगड्यांच्या वर.

१४ जानेवारी, संध्याकाळी ७
बार बंद. शटर नाही, नुसती दोरी बांधलेली. मुंबईत उद्या महापालिकेचं मतदान आहे म्हणून ड्राय डे. राधेश्यामला हे माहीत असणार. अंबडच्या माणसाने मुंबईच्या नगरसेवकांसाठी का कोरडं राहायचं? पण हरकत नाही. बारा मैलांनंतर ड्राय डे कुणाचा?
अननसाचा ज्यूस, तीन ग्लास.

१५ जानेवारी, सकाळी १०
बोट उभी आहे. भोंग्यावर सांगितलं, इंजिनात तांत्रिक बिघाड, किनाऱ्यापासून सात मैलांवर नांगर टाकला आहे, काळजीचं कारण नाही. कुणाच्या काळजीचं?
बारजवळ पायल नावाची मुलगी उभी असते. तिला परवाना दाखवला. हमीपत्राचं सोडून बाकी सगळं कायद्याने समजावलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाली, "सर, आपण अजून महाराष्ट्रातच आहोत."
पॅकेज चालू आहे, असंही म्हणाली. सोडा, ज्यूस, शहाळं, काहीही घ्या.
हात फार थरथरतायत. बोट हलत असणार.

१५ जानेवारी, दुपारी ४
लिहायचं नव्हतं. लिहितो.
प्रभावती डेकवर कठड्याला धरून उभी होती. सकाळपासून तिथेच. पायलला तिळगूळ दिला होता, ती मुलगी तिच्या पायाही पडली. मी जाऊन म्हटलं, उद्यापर्यंत बोट सुरू होईल, मग बघ खरा निळा समुद्र.
ती माझ्याकडे न बघता बोलली. "सगळ्या गल्लीचं तेल गोठलं ह्या थंडीत. तुमचंच तेवढं पातळ राह्यलं. मी रोज सकाळी बघून राह्यले होते."
मी विचारलं, मंग आलीस कशाला?
"समुद्र बघायचा होता. तुमच्यासंगं एकदा."
मी म्हणालो, तो सराव होता. ती म्हणाली, हूं. मग शहाळं मागवलं आणि अर्धं मला दिलं.
मी प्यालो. गोड होतं. मला रडू आलं, ते वाऱ्यामुळे नव्हतं.

१७ जानेवारी
बोट काल सात मैलांवरूनच बंदरात परतली. पहाटे गाडी जालन्याला आली. मी दोन्ही बॅगा घेऊन उतरलो. ती खिडकीतच बसून होती. तिचं तिकीट परतूरचं होतं. आकांक्षाने काढलं तेव्हापासून परतूरचंच होतं, मी फक्त माझं नाव पाहिलं होतं. तिने तिची बॅग खिडकीतून मागितली, मी दारातून दिली. मनगटावर पट्टा अजून तसाच. मी म्हटलं, तो काढून टाक. ती म्हणाली, राहू द्या, आठवण आहे.
गाडी दोनच मिनिटं थांबली.

१९ जानेवारी
धीर सोडलेला नाही. मामला कायद्याने सुटण्यासारखा आहे. बोटीवर एक थेंबही घेतला नाही, याला साक्षीदार पायल. सरावाचा मुद्दा युक्तिवादाने सांभाळता येईल. काकासाहेबांना पत्र लिहायला बसलो आणि कलम नेमकं उतरवावं म्हणून कपाट उघडलं. साड्या नव्हत्या. हमीपत्र होतं.
खाली डावीकडे माझी सही, झोकदार. उजवीकडे 'लिहून घेणार' असं टाईप केलेलं आणि त्यावर रेघ. रेघ कोरी.
तिने सही केलेलीच नाही. सव्वीस वर्षांत एका सहीवाचून मी किती लोकांना परत पाठवलं, म्हटलं, बाबा, हा नुसता कागद आहे. अडीच महिने मी ज्या हद्दीतून पळवाट काढत होतो ती एकट्यानेच आखलेली होती. तिने पहिल्याच दिवशी वाचलं, दोनदा वाचलं आणि मला ओळखलं.
पत्र फाडलं. नवा मसुदा करावा म्हटलं, हद्द न लिहिता. मशीनमध्ये कागद घातला. लिहून घेणार कोण, तिथे अडलो.
न्हाणीत तिची तेलाची बाटली राहिली आहे. गोठलेली. गच्चीवर नेऊन कठड्यावर उन्हात ठेवली.