परीक्षेला नसलेले दोन राजपुत्र

बाई,

तुमची ती गोष्ट तुमची नव्हतीच! परवापासून मला हे पचत नाहीये. इथे सिंगापूरच्या गोदीत, दुरुस्तीला आलेल्या एका रशियन जहाजावर, एक परका माणूस ती मला सांगायला लागला आणि हातातला चहा सांडायचाच काय तो बाकी राहिला.

पुण्यात तुमचा रशियनचा वर्ग संध्याकाळी भरायचा. पुस्तकं सोव्हिएत रशियातून फुकट यायची, परीक्षाही तिकडचेच लोक घ्यायचे, आणि अधूनमधून त्यांचा कोणी पाहुणा मागच्या बाकावर येऊन बसायचा. तुम्ही जुनं रशियन साहित्य शिकवायचात. मठातले साधू सालोसालची हकीकत कशी लिहून ठेवत, राजांच्या स्वाऱ्यांची कवनं कशी झाली, साधी माणसं झाडाच्या सालीवर निरोप कसे खरडत. संतचरित्रं आली की मात्र म्हणायचात, "पान उलटा. हे परीक्षेला नाही." आम्ही आनंदानं उलटायचो. परीक्षेला नाही म्हटल्यावर कोण मागे वळून बघतो?

वर्ग सुटला की मी तुमच्याकडे जेवायला. माझी आई लहानपणीच गेली हे तुम्हाला ठाऊक होतं. तुम्ही सूप मांडीवर घेऊन तांदूळ निवडताय आणि सांगताय. एक राजा मेला. गादीसाठी थोरल्यानं दोघा धाकट्या भावांवर मारेकरी घातले. एकाजवळ सैन्य होतं, लढू या म्हणत होतं. त्यानं ते घरी पाठवून दिलं. दुसरा नावेत सापडला. दोघंही मारले गेले, पण कोणीही तलवार उपसली नाही. "म्हणजे बावळटच की दोघं," मी म्हणालो. तुम्ही सूप खाली आदळलंत. "बावळट नव्हेत. त्यांना राज्य नको होतं, भाऊ हवा होता. ऊठ, पानं घे."

तुमच्या थोरल्या भावानं वडिलांचं घर एकट्याच्या नावावर करून घेतलं होतं, आणि सगळे कानीकपाळी ओरडत असूनही तुम्ही कोर्टाची पायरी चढला नाहीत. मी आपला समजत आलो, बाई स्वतःचंच दुःख राजपुत्रांच्या नावानं सांगतात.

आणि परवा ही तऱ्हा! जहाजाचा चीफ इंजिनियर, पांढऱ्या मिशांचा. त्याचा देश मोडून फार दिवस झालेले नाहीत. केबिनच्या भिंतीवर जुन्या पुढाऱ्याची तसबीर काढल्याचा फिकट चौकोन, आणि त्यात आता एक लहानसं चित्र. दोन तरुण, तलवारी म्यानात. मी तुमच्या रशियनमध्ये विचारलं, "हे कोण?" तो म्हणाला, "दोन राजपुत्र. थोरल्या भावानं मारेकरी पाठवले..." पुढचं मीच बोललो. सैन्य घरी पाठवलं. दुसरा नावेत सापडला. तो ताडकन उभा राहिला.

"आमच्याकडे लिहिलेल्या अगदी पहिल्या संतचरित्रांतली ही," तो म्हणाला. "तेव्हा सरकारला देवाधर्माचं खपत नसे, शाळेत नाही सांगायचे. आजीनं सांगितली, दार लावून. तुला कोणी सांगितली?"

अंगावर सर्रकन काटा आला, बाई. मागच्या बाकावर पाहुणा बसलेला असताना उलटलेलं पान तुम्ही घरी मला वाढत होतात? आणि स्वतःचं घर सोडलंत ते या गोष्टीपायी? शेकडो वर्षांपूर्वीच्या, कुठल्या बर्फातल्या पोरांचं ऐकून कोणी वडिलांच्या घरावर पाणी सोडतं का? मला धक्का बसलाय आणि रागही आलाय. एका शब्दानं सांगायचं होतंत.

आता इथल्या यिशुन भागातल्या माझ्या फ्लॅटमध्ये जेवणाच्या टेबलावर लिहितोय. लेक डोकावून इथल्या धाटणीच्या इंग्रजीत विचारते, "बाबा, हू यू रायटिंग टू?"

"माझ्या बाईंना. पुण्याच्या."

"बट शी डाय ऑलरेडी, ला. हाउ टू पोस्ट?"

बरोबर आहे तिचं. पोस्ट होणार नाही, म्हणूनच एक सांगून टाकतो. शिक्षिकेला रशियनमध्ये काय म्हणतात ते तुम्ही अगदी सुरुवातीलाच शिकवलं होतंत, आणि मी ते विसरलेलो नाही. तरी त्या इंजिनियरनं "तुला कोणी सांगितली?" असं विचारलं तेव्हा माझ्या तोंडून निघालं, "आईनं."